आडीच्या आदल्या दिवशी

नुकसान झाल्याचं मला आडी या तमिळ महिन्याच्या पहिल्या दिवशी सकाळी कळलं. मी कॉफी गाळत होतो. तळमजल्यावरचे कृष्णस्वामी पेपर घेऊन वर आले. एरवी ते जिन्यातूनच हाक मारतात. त्या दिवशी चपला बाहेर काढून आवाज न करता आत आले, खुर्चीवर बसले, पेपरची घडी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "राव, मन घट्ट करा."

गेल्या वर्षी माझी बायको अंबुजा गेली तेव्हा डॉक्टरांनी हेच वाक्य म्हटलं होतं. म्हणून मी आधी गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. पुण्याला असलेल्या मुलीचं नाव मनात आलं.

कृष्णस्वामींनी शेवटचं पान उलगडलं. पानभर जाहिरात होती. मधोमध एका कॉम्प्युटरचं चित्र. तोच कॉम्प्युटर आदल्या संध्याकाळी मी घरी आणला होता. हॉलमध्ये तीन खोक्यांत तो माझ्यासमोरच होता. चित्राखाली मी दिलेली किंमत छापून तिच्यावर काट मारली होती आणि खाली नवी किंमत होती. दोन्हींमधल्या फरकात एक चांगली मिक्सी आली असती. बरं, एवढ्यावर भागलं नव्हतं. शेजारीच, मी मोजलेल्या पैशांत, एक नवाच कॉम्प्युटर होता. सपाट पडद्याचा. 'आत दोन मेंदू' असं त्याच्यावर लिहिलं होतं.

"माझ्यात किती आहेत?" मी विचारलं.

"एक," कृष्णस्वामी म्हणाले. ते बँकेत होते. वाईट बातमी कधी अर्धी देत नाहीत.

आता हा कॉम्प्युटर मी का घेतला ते सांगायला हवं, कारण पुढे येणाऱ्या प्रत्येकाने तेच विचारलं. आमची हरिप्रिया वर्षभर फोनवर एकच गोष्ट सांगत होती. "अप्पा, एकटे राहू नका. पुण्याला या. इथे सगळे मराठीच बोलतात." आम्ही तंजावरकडचे मराठी. मी लिहितो ते तुम्हाला कळतंय, पण मी बोलायला लागलो की पुण्यात लोक थांबून बघतात. मागच्या खेपेला भाजीवालीने मला पुन्हा एकदा बोलून दाखवायला सांगितलं आणि शेजारणीला ऐकायला बोलावलं. त्या गावात मी म्हातारपण काढणार नव्हतो. शेवटी हरिप्रियाने अट घातली. "आडी संपली की आवणी महिन्यात मी चेन्नईला येते. तोवर कॉम्प्युटर घ्या आणि तुमच्या हातचा एक मेल मला पाठवा. आला तर कळेल की तुम्ही एकटे राहू शकता. नाही आला तर घराला कुलूप."

एका मेलवर माझं घर अवलंबून होतं.

आडीच्या आधी कॉम्प्युटर घ्यायचा हे मी ठरवलं. आडीत आमच्याकडे लग्न करत नाहीत, घरात नवी वस्तू आणत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी, तो महिना लागायच्या आत, मी दुकानात गेलो. तिथला विक्रेता भला माणूस होता. त्याने विचारलं, "सार, आजच पाहिजे का?"

"आजच."

"उद्या आलात तरी चालेल सार."

"उद्या आडी आहे."

"तेच म्हणतो सार. उद्या आडी आहे."

मला राग आला. एवढा शिकलेला मुलगा, कपाळाला विभूती, आणि मला अशुभ महिन्यात खरेदी करायला सांगतो! मी त्याला महिन्यांचं माहात्म्य सांगितलं. त्याने मान खाली घालून बिल केलं.

मी आयुष्यभर एन्नोरच्या वीजकेंद्रात स्टोअरकीपर होतो. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी सरकारसाठी एक नटसुद्धा घेतला नाही. हे इथे एवढ्यासाठी सांगतो, की माझ्याबद्दल अगदीच गैरसमज होऊ नये.

संध्याकाळी खोकी घरी आली. अंबुजाची मोठी बहीण राजसबाई पलीकडच्या गल्लीत राहते. मी तिला अक्का म्हणतो, सगळी वेलचेरी तिला अक्का म्हणते. तिने येऊन तिन्ही खोक्यांना चंदन लावलं, कुंकू लावलं, हार घातला. मग म्हणाली, "लिंबं कुठे आहेत?"

"लिंबं गाडीला, अक्का. चाकाखाली."

"नवं यंत्र ते नवं यंत्र. चाक नसलं तर त्याचा दोष काय?"

मोठ्या खोक्याच्या चार कोपऱ्यांखाली तिने चार लिंबं ठेवली आणि मला खोकं दाबायला सांगितलं. मी दाबलं. लिंबं फुटली. "आता दृष्ट लागणार नाही," अक्का म्हणाली. खोकं उघडणार होता वरच्या मजल्यावरचा शार्दूल. हा सांगलीचा मुलगा सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याची त्या दिवशी उशिराची पाळी होती. "सकाळी उघडू काका," तो म्हणाला होता. आणि सकाळी आडी लागली. आडीत नवी वस्तू सुरू करायची नाही, असं अक्काने जाहीर केलं. हार घातलेली तीन खोकी हॉलमध्ये राहिली.

जाहिरातीची बातमी बिल्डिंगमध्ये पसरली आणि लोक भेटायला येऊ लागले. खुर्च्या त्याच, माणसं तीच, प्रश्नही तेच. "कधी झालं?" "अचानकच ना?" "जवळ कुणी होतं का?" एका बाईने माझ्याकडे न बघता म्हटलं, "जे गेलं ते गेलं, तुम्ही तब्येत सांभाळा." गेल्या वर्षी मला कुणाशी बोलता आलं नव्हतं. या वेळी मी सगळ्यांना सविस्तर सांगत होतो, हे माझं मलाच विचित्र वाटत होतं.

जाताना प्रत्येक जण दारात थांबून म्हणायचा, "अंबुजा मामी असती तर असं झालं नसतं." इथे वडीलधाऱ्या बाईला सगळे मामीच म्हणतात.

पहिल्या दोघा-तिघांना मी मान डोलावली. मग कृष्णस्वामींना विचारलं, "तिने काय वेगळं केलं असतं? तीही आडी पाळायची. आडीत आमच्या घरी कधी चमचा आला नाही."

"चमचा आवणीत यायचा राव. पैसे आडीत भरलेले असायचे."

"म्हणजे?"

"आडीत लोक खरेदी करत नाहीत म्हणून दुकानदार किंमत उतरवतो. अंबुजा मामी आडीत जाऊन उतरलेल्या भावाने बुकिंग करायची, आणि माल आवणीत घरी मागवायची. वस्तू शुभ महिन्यात आली, पैसे अशुभ महिन्यात गेले. पैसे जायला शुभ महिना लागत नाही."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? सगळी वेलचेरी असंच करते."

मी फ्रिज आठवला. आवणीत आला होता. मिक्सी आवणीत. ज्या खुर्चीवर कृष्णस्वामी बसले होते तीही आवणीत. इतकी वर्षं मला वाटायचं की आवणी हा आमच्या घराला लाभणारा महिना आहे.

कृष्णस्वामींनी धीर दिला. "खोकं उघडलेलं नाही ना? मग झालं तर. न उघडलेला माल दुकानदाराने बदलून दिलाच पाहिजे. बिलाच्या मागे लिहिलेलं असतं." गेल्या पावसाळ्यात त्यांच्या तळमजल्यावर पाणी भरलं, तेव्हा तरंगणाऱ्या टीव्हीची नुकसानभरपाई त्यांनी विमा कंपनीकडून भांडून मिळवली होती. तेव्हापासून बिल्डिंगमधल्या सगळ्या नुकसानांचे ते अधिकारी होते.

आम्ही खोकी शेअर ऑटोत घातली. शेअर ऑटोत माणसांनी दाटून बसायचं असतं. त्या दिवशी माणसं खोक्यांना दाटून बसली, आणि एका म्हातारीने हार बघून खोक्याला नमस्कार केला.

दुकानात तोच विक्रेता होता. मला बघून त्याने मान खाली घातली, म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. खोकी त्याने फिरवून पाहिली. सील शाबूत होतं. मग त्याचा हात चंदनाला लागला आणि तो थबकला. त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर आला, चपला काढल्या, खोक्याला हात जोडले आणि मला म्हणाला, "पूजा झाली आहे सार."

"खोकं उघडलेलं नाही," कृष्णस्वामी म्हणाले.

"उघडलेलं असतं तर कंपनीशी बोललो असतो सार. पण पूजा झालेली वस्तू घरातून बाहेर काढायची नसते. तुम्ही बाहेर आणलीत, तो दोष तुमच्याकडे. मी परत घेतली तर तो माझ्याकडे."

"बिलाच्या मागे असं काही लिहिलेलं नाही."

"लिहायला कशाला पाहिजे सार? सगळ्यांना माहीत असतं."

कृष्णस्वामींनी बिल उलटून मागची बाजू पुन्हा एकदा वाचली. त्यात खालच्या बाजूने खोकं ओलं असल्याचं विक्रेत्याच्या लक्षात आलं. त्याने बोट लावून वास घेतला आणि बोट रुमालाला पुसलं.

आलोच होतो म्हणून मी त्याला दोन मेंदूंबद्दल विचारलं. तो म्हणाला, एक मेंदू समोरचं काम करतो, तेव्हा दुसरा मागची सगळी कामं बघतो, आणि समोरच्याला ते कळतही नाही. हे मला लगेच समजलं. आमच्या घरी असंच होतं. मी पेपर वाचायचो.

खोकी परत आली. आता शार्दूलने सूत्रं हाती घेतली. "काका, टेन्शन घेऊ नका. कॉम्प्युटर दुकानाची पायरी उतरतानाच जुना होतो. आपण अपग्रेड करू."

"म्हणजे काय करायचं?"

"थोडी रॅम वाढवू. म्हणजे मेमरी. पळेल बघा."

"मेमरी कशाला? जुन्या गोष्टी लक्षात ठेवायला?"

"नाही काका, ही बंद केलं की सगळं विसरते."

विसरण्यासाठी पैसे कशाला द्यायचे ते मला कळलं नाही. पण शार्दूलने घाई केली म्हणून मी रॅम आणली. सुटा भाग म्हणजे वस्तू नव्हे, तो आडीत आणलेला चालतो, असं अक्काने ठरवलं. बोटाएवढी हिरवी पट्टी होती. पुढच्या रविवारी पेपरात तिची किंमत उतरल्याचं कृष्णस्वामींनी खालून ओरडून सांगितलं. या वेळी ते वर आले नाहीत. लहान नुकसानाला ते वर येत नाहीत. नंतर म्हणाले, "ही परत करा आणि पंधरा ऑगस्टपर्यंत थांबा राव, अजून उतरेल." शार्दूल म्हणाला, "थांबूच नका, अजून मोठी घ्या." अक्का म्हणाली, "कुंकू पुसू नकोस." मी पट्टी अंबुजाच्या मोहरीच्या डब्यात ठेवली, कारण तिथे मुंग्या येत नाहीत.

अंबुजा असती तर कुणाचं ऐकायचं एवढं तरी कळलं असतं. तिचं ऐकलं असतं.

आडी अर्धी सरली होती. मेल पाठवायला नुसता कॉम्प्युटर पुरत नाही, इंटरनेटही लागतं, हे शार्दूलने मला तेव्हा सांगितलं. त्याला वाटलं होतं मला माहीत असेल. मला वाटलं होतं ते खोक्यात असेल. मी टेलिफोनच्या काउंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी आमचा नंबर मशीनवर टाकला.

"कनेक्शन अंबुजा यांच्या नावावर आहे. त्यांना घेऊन या."

"त्या येऊ शकत नाहीत."

"गावाला गेल्यात?"

"नाही."

"मग तब्येत बरी नाही का?"

मागे रांग होती. मी सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तर आधी नाव बदलायला लागेल सार. मृत्यूचा दाखला, मग तालुका ऑफिसातून वारस दाखला, त्यावर मुलांच्या सह्या. नाव तुमच्यावर आलं की इंटरनेटचा अर्ज."

"आवणीच्या आत होईल?"

"कुठल्या वर्षीच्या?"

मी तिथेच उभा राहिलो. मागचा माणूस घसा खाकरू लागला. बाईंनी पुन्हा मशीनवर पाहिलं आणि आवाज उतरवला. "असं करा. आहे त्याच नावावर इंटरनेट घ्या. जुन्या ग्राहकाला लगेच मिळतं. बिल नेहमी वेळेवर भरतात त्या."

"हो," मी म्हणालो. "भरते."

दोन-तीन दिवसांत माणूस येऊन तार जोडून गेला. आता इंटरनेट होतं, कॉम्प्युटर होता, रॅम होती, आणि यातलं काहीच सुरू करता येत नव्हतं. आवणी लागली की अक्का खोकं उघडू देणार, आणि आवणी लागली की हरिप्रिया कुलूप घेऊन येणार. तिने गाडीचं तिकीट काढल्याचा फोनही आला. "मेल कधी येतोय अप्पा?"

"आडी आहे," मी म्हणालो.

"अप्पा, जमत नसेल तर सांगा. रागावणार नाही मी."

त्या बोलण्याने मला फार लागलं. रागावली असती तर बरं झालं असतं. मी फोन ठेवला आणि खोक्यांसमोर बसलो. जाहिरातीचं पान अजून तिथेच पडलं होतं. मी ते पुन्हा वाचलं. मग अक्काला बोलावून आणलं.

"अक्का, आडीत काय सुरू करायचं नाही?"

"नवी वस्तू. किती वेळा सांगू?"

"तुझी मिक्सी आडीत चालते ना?"

"ती जुनी आहे."

"मग हे बघ. इथे पेपरात काय लिहिलंय? जुनं मॉडेल. दुकानदार म्हणतो जुनं. कृष्णस्वामी म्हणतात जुनं. शार्दूल तर म्हणतो पायरी उतरतानाच जुनं झालं. सगळी चेन्नई सांगते आहे की ही वस्तू जुनी आहे. मग जुनी वस्तू आडीत सुरू केली तर दोष कसा?"

अक्काने पेपर हातात घेतला. तिला इंग्रजी येत नाही, पण काट मारलेली किंमत तिने बोटाने तपासली. बराच वेळ विचार केला. बहिणीची आणि तिची विचार करायची पद्धत एकच, ओठ आत घेऊन.

"सरी, चालेल," ती म्हणाली. "पण ती नवी पट्टी आत घालायची नाही. घातलीस तर नवं होईल."

सकाळी शार्दूलने खोकं फोडलं. त्याने आत डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "काका, लोणच्याचा वास येतोय." तो सगळं जोडून, मला एकदा दाखवून, ऑफिसच्या बसला पळाला. टेलिफोनवाल्यांनी कनेक्शनबरोबर मेलचा पत्ताही दिला होता, तोच त्याने आत भरून ठेवला. कृष्णस्वामी मदतीला येऊन बसले होते. मी त्यांना खाली पाठवलं. हे माझ्या हातचं व्हायला हवं होतं.

एक-एक अक्षर शोधायला वेळ लागतो. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं म्हणजे आणखीच. नाव खाली टाकायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जे सुचलं ते लिहिलं: 'हरिप्रिया, जेवलीस का? मी बरी जागा बघून बसलो आहे. इथे सगळं ठीक आहे. काळजी करू नको.' वाचून पाहिलं. एका जागी 'बसलो' मधली दोन इंग्रजी अक्षरं राहिली होती, मागे जाऊन ती कशी घालायची ते सापडेना. तसंच पाठवलं.

लगेच फोन वाजला. मी उचलला.

"हरिप्रिया?"

"अप्पा," ती म्हणाली. आवाज बारीक होता. "मेल कुणी पाठवला?"

"मी."

"शार्दूलने लिहिला का?"

"तो बसमध्ये आहे."

"मग इथे पाठवणाऱ्याचं नाव अंबुजा कसं आलंय?"

मला आधी कळलंच नाही. मग मी तिला सगळं सांगितलं. काउंटर, दाखला, वारस, वेळेवर भरलेली बिलं. सांगता सांगता आडी, लिंबं आणि मिक्सीही सांगितली. ती ऐकत होती. मध्ये मध्ये एक आवाज येत होता. ती हसते आहे की रडते आहे ते मला ओळखता आलं नाही. लहानपणापासून तिचं दोन्ही एकाच आवाजात असतं. तिच्या आईला ओळखता यायचं.

"मी ऑफिसात आहे अप्पा," ती म्हणाली. "मेल उघडला तर अम्मा विचारते आहे, जेवलीस का."

चूक माझीच होती, पण ती कशी सुधारायची ते कळत नव्हतं.

"शार्दूलने पाठवला असता तर तुमचं नाव नीट घातलं असतं," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हीच पाठवलाय."

"मग कुलूप?"

"राहा तिथे. पण रोज एक मेल पाहिजे."

आवणी लागली तेव्हा हरिप्रिया आली. शार्दूलने रॅम बसवली. कॉम्प्युटर पळतो की नाही ते मला समजत नाही. कृष्णस्वामी म्हणतात आता तीन मेंदूंचा येणार आहे. अक्काला हे पटत नाही. हरिप्रियाने आईने शिकवला तसा दोन दिवस स्वयंपाक केला आणि पुण्याला परत गेली. वारस दाखल्याचे कागद मी तिच्यासमोर ठेवले होते. तिने ते वाचले, घडी केली आणि सही न करता कपाटात ठेवून दिले. मीही पुन्हा काढले नाहीत.

रोज संध्याकाळी मी मेल पाठवतो. आता खाली 'अप्पा' लिहितो. टेलिफोनवरचं नाव बदलायचं मात्र राहिलं आहे.